हे रंग खरे आहेत का?

१९७३ साली मी साताऱ्याला वडिलांना एक पाकीट पाठवले होते. आत ऑक्टोबरातल्या एका रविवारी हडसन नदीकाठी काढलेले सहा रंगीत फोटो होते. अमेरिकेत येऊन मला दोन वर्षे झाली होती. पहिल्या वर्षी नोकरी आणि भाड्याची खोली यांच्या पलीकडे काही दिसले नव्हते. दुसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याच्या गाडीतून वर कॅट्सकिलपर्यंत गेलो आणि पाहतच राहिलो. वडिलांचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. प्रकृतीची चौकशी आणि धाकट्या बहिणीच्या परीक्षेचा निकाल यांच्यानंतर एक ओळ होती: फोटो पोचले, पण धुणाऱ्याने रंग बिघडवलेले दिसतात, झाडे कुठे अशी लाल असतात काय?

मी हट्टाला पेटलो. मेपलची चार-पाच पाने जाड पुस्तकात दाबून वाळवली आणि पुढच्या पाकिटातून पाठवून दिली. त्यानंतर मात्र वडिलांनी तक्रार केली नाही. ती पाने त्यांनी ज्ञानेश्वरीत ठेवली होती, हे मला त्यांच्या माघारी कळले.

हा घरगुती प्रसंग सांगण्याचे कारण असे की, नेमका हाच प्रसंग माझ्याआधी शंभराहून अधिक वर्षे एका अमेरिकन चित्रकारावर लंडनमध्ये आला होता. त्यानेही माझ्यासारखाच उपाय केला होता. त्याची हकिगत वाचल्यावर मी या देशातली निसर्गचित्रे पाहू लागलो. निवृत्तीनंतर तर तो नादच लागला. ऋतू कॅनव्हासवर कसा उतरवतात, तो कोण उतरवतो आणि का, या प्रश्नांची काही उत्तरे मला सापडली ती या लेखात मांडतो. मी चित्रकलेचा जाणकार नाही, इंजिनियर आहे. पण वस्तू कशी चालते हे पाहण्याची सवय चित्रे पाहतानाही उपयोगी पडते.

लंडनमधला ऑक्टोबर

त्या चित्रकाराचे नाव जॅस्पर क्रॉप्सी. १८२३ साली स्टॅटन आयलंडवर शेतकरी कुटुंबात जन्मला, शिक्षणाने वास्तुविशारद. पुढे न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अव्हेन्यूवरील उन्नत रेल्वेच्या स्थानकांचे आराखडेही त्याने केले. १८५६ साली तो लंडनला गेला आणि सात वर्षे तिथे राहिला. तिथेच १८६० मध्ये त्याने ‘ऑटम ऑन द हडसन रिव्हर’ हे प्रचंड चित्र पुरे केले. ते सुमारे पाच फूट उंच आणि नऊ फूट रुंद आहे. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. ज्यांची मुले-नातवंडे त्या बाजूला असतील त्यांनी मुद्दाम जाऊन पाहावे. प्रवेश विनामूल्य आहे.

लंडनच्या प्रेक्षकांना ते चित्र आवडले, पण पटले नाही. इंग्लंडातली पानगळ पिवळी-तपकिरी असते. ओक, बीच, बर्च ही तिथली नेहमीची झाडे लाल होत नाहीत. तेव्हा चित्रकाराने कल्पनेचे घोडे दामटले आहेत असा लोकांचा ग्रह झाला. क्रॉप्सीने अमेरिकेतली खरी वाळलेली पाने चित्राशेजारी मांडली आणि लोकांनाच ताडून पाहायला सांगितले!

ही गोष्ट गमतीची म्हणून नेहमी सांगितली जाते. मला तिच्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. हे चित्र हडसनकाठी बसून काढलेले नाही. लंडनच्या धुक्यात, जुनी रेखाटने समोर ठेवून, आठवणीतून काढलेले आहे. परदेशी राहणाऱ्या माणसाने आपल्या गावचा ऋतू परक्यांना दाखवला आणि त्यांनी विचारले, हे रंग खरे आहेत का? आपल्यापैकी ज्यांनी ऑफिसातल्या मंडळींना कोकणातला जुलै समजावून सांगण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना क्रॉप्सीची अडचण सहज कळेल. फक्त आपल्याला पाऊस पाकिटात घालून दाखवता येत नाही.

आधी आलेला परदेशी

क्रॉप्सी ज्या परंपरेतला, ती हडसन रिव्हर स्कूल या नावाने ओळखली जाते. नाव शाळेचे असले तरी शाळा कुठे नव्हती; एकाच प्रकारची निसर्गचित्रे काढणाऱ्या दोन पिढ्यांना मागाहून मिळालेले ते नाव आहे. तिचा आरंभ थॉमस कोलपासून धरतात, आणि कोल हा स्वतः इमिग्रंट होता. १८०१ साली इंग्लंडमधील लँकशायरात जन्म. तिथे तो कापडावर छापायच्या नक्षीचे ठसे कोरीत असे. सतराव्या वर्षी, १८१८ मध्ये, आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. फिलाडेल्फिया, ओहायो अशी भटकंती करून १८२५ मध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि त्याच वर्षी बोटीने हडसनमधून वर कॅट्सकिलला गेला. त्या सहलीवरून केलेली तीन चित्रे न्यूयॉर्कच्या तीन चित्रकारांनी विकत घेतली आणि त्याचे नाव झाले.

१८२५ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी ईरी कालवा पुरा झाला. आदल्या वर्षी कॅट्सकिलच्या कड्यावर मोठे हॉटेल उघडले होते. शहरातले पैसेवाले लोक आगबोटीने डोंगर पाहायला जाऊ लागले होते आणि डोंगराचे चित्र दिवाणखान्यात लावावे असेही त्यांना वाटू लागले होते. म्हणजे चित्रकार, वाहतूक आणि गिऱ्हाईक ही तिन्ही एकाच वेळी जमून आली.

कोलने १८३६ मध्ये अमेरिकन निसर्गावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. युरोपातल्यासारखे जुने किल्ले आणि मंदिरे इथे नाहीत हे तो मान्य करतो. पण शरद ऋतूतल्या अरण्याच्या बाबतीत अमेरिका साऱ्या जगाच्या पुढे आहे, असे तो ठासून सांगतो. हे त्याला इतके स्पष्ट का दिसले? माझे मत असे की तो बाहेरून आला होता म्हणून. इथे जन्मलेल्या शेतकऱ्याला लाल मेपल म्हणजे लाकडे फोडून ठेवायची वेळ झाली एवढाच अर्थ. लँकशायरच्या धुरातून आलेल्या मुलाला ती जादू वाटली.

कोलच्या कामाची पद्धतही सांगण्यासारखी आहे. तो उन्हाळ्यात आणि शरदात डोंगरात हिंडून पेन्सिलीने रेखाटने करी आणि त्यावर रंग शब्दांत लिहून ठेवी. चित्र मात्र हिवाळ्यात घरी बसून करी. पाहिल्याबरोबर रंगवायला बसू नये, मध्ये थोडा काळ जाऊ द्यावा, म्हणजे बिनमहत्त्वाचा तपशील झडून मुख्य ते उरते, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा आपण ज्याला प्रत्यक्ष निसर्ग समजतो तो खरे तर जानेवारीत आठवलेला ऑक्टोबर असतो.

पिवळा रंग कुठून आला

आता थोडे यंत्रशाळेतले. नुसता डोळा असून भागत नाही, रंगही मिळावा लागतो. पानांचा तो झगझगीत पिवळा दाखवायला जुन्या चित्रकारांकडे फारसे काही नव्हते. पिवळी माती मंद, आणि काही वनस्पतिजन्य पिवळे उन्हात उडून जात. १७९७ मध्ये फ्रान्सच्या व्होकलँ या रसायनशास्त्रज्ञाने क्रोमियम शोधले आणि त्यातून पुढे क्रोम यलो निघाला, झळझळीत आणि परवडणारा. क्रोमियमचे खनिज अमेरिकेत बाल्टिमोरजवळ सापडले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात जगाचा बराचसा पुरवठा त्याच भागातून होत होता. कॅडमियमचा पिवळाही त्या शतकाच्या मध्याला बाजारात आला. शिवाय १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या पत्र्याच्या पिळायच्या ट्यूबचे पेटंट घेतले. तोपर्यंत तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून नेत. ती एकदा टोचली की रंग वाळू लागे. म्हणजे कोलपासून क्रॉप्सीपर्यंतच्या पस्तीस वर्षांत पानगळ अधिक रंगीत होत गेली याचे काही श्रेय रसायनशाळेलाही द्यायला हवे.

पण गंमत अशी की ऋतू केवळ पानांच्या रंगाने दिसत नाही. क्रॉप्सीच्या त्या चित्रापुढे मी एकदा अर्धा तास उभा राहिलो आणि पाने झाकली तर ऑक्टोबर कुठे उरतो ते शोधू लागलो. तो बराच उरतो. सूर्य समोर आहे आणि ढगांमधून किरणांचे पट्टे उतरताहेत. पुढच्या भागात सावली आहे, नदीच्या वळणावर उजेड साठला आहे. लांबचा स्टॉर्म किंग डोंगर धुरकट आहे. कोपऱ्यात तीन शिकारी कुत्री घेऊन विसावले आहेत. पुढे ओढ्यावर पूल आहे, त्यावर मुले आहेत, पाण्यात गाई निवांत उभ्या आहेत, एक लाकडी खोपट आहे. वर्षाचे मोठे काम आटोपल्यावर येते ती स्वस्थता इथे आहे. हे आपल्याकडच्या दसऱ्याच्या सुमाराचे वातावरण आहे, फक्त आपट्याच्या पानांऐवजी मेपलची पाने.

ही हवा रंगवण्यात सर्वांत निष्णात होता सॅनफोर्ड गिफर्ड. त्याचे कॅट्सकिलमधील एका घळीचे १८६२ सालचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. त्यात झाडे नावापुरती आहेत. सारी घळ सोनेरी धुरकट उजेडाने भरलेली आहे. गिफर्ड रंगावर पारदर्शक थरांचे लेप देत असे, त्यामुळे उजेड पृष्ठभागावरून न परतता जरा आत शिरून मग बाहेर येतो. थंडी पडून गेल्यावर मध्येच चार उबदार दिवस येतात, त्यांचा उजेड असाच असतो. न्यू जर्सीतल्या माझ्या घरामागे तो दर वर्षी येतो. आधी मी त्याला प्रदूषण समजत होतो!

चित्रात नसलेले

इतके सुंदर चित्र पाहिले की माणसाने एक प्रश्न विचारावा: यातून काय वगळले आहे?

कोलची दोन चित्रे शेजारी ठेवली तर उत्तर मिळू लागते. कॅट्सकिल ओढ्याच्या दरीचे त्याचे १८३६-३७ चे चित्र मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. नुकताच लागलेला शरद, डेरेदार झाडे, शांत पाणी. तीच दरी त्याने १८४३ मध्ये पुन्हा रंगवली; ते चित्र बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. त्यात पुढची झाडे तोडलेली आहेत, एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा आहे आणि लांबवर एक इवलीशी आगगाडी धूर सोडीत चालली आहे. मधल्या काळात त्या दरीतून रेल्वे गेली होती आणि तिच्यासाठी झाडे पाडली जात असताना कोल संतापला होता. म्हणजे पहिल्या चित्रातला शरद हा केवळ ऋतू नाही. जे जाणार आहे हे कळून चुकले होते, त्याची ती नोंद आहे.

जे गेले त्यात फक्त झाडे नव्हती. फेनिमोर कूपरची ‘लास्ट ऑफ द मोहिकन्स’ ही कादंबरी १८२६ ची. तिच्यातले प्रसंग कोलने लगेच रंगवले आणि भोवतीचे अरण्य शरदातले दाखवले. पानगळ आणि मूळ रहिवाशांचा अस्त अशी जोडी प्रेक्षकाच्या मनात बसली. पान गळते तसे हे लोकही निसर्गनियमाने गळाले, असा तिचा सोयीस्कर अर्थ. वस्तुस्थिती तशी नव्हती. मोहिकन लोक निसर्गनियमाने नाहीसे झाले नाहीत. हडसनकाठच्या आपल्या भूमीवरून ते टप्प्याटप्प्याने हटवले गेले आणि शेवटी विस्कॉन्सिनमध्ये जाऊन राहिले. त्यांचे वंशज आजही तिथे स्टॉकब्रिज-मन्सी या नावाने आहेत. १८३० साली काँग्रेसने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे घालवण्याचा कायदा केला, त्याच दशकात ही चित्रे दिवाणखान्यांतून लागत होती. ऋतूचे चित्र निरागस असते असे आपण धरून चालतो. नेहमीच तसे नसते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कॅट्सकिलच्या डोंगरात त्या काळी हेमलॉकची, म्हणजे सदाहरित सूचिपर्णी झाडांची, दाट वने होती. हेमलॉकच्या सालीत कातडी कमवायला लागणारे टॅनिन असते. त्यासाठी तिथे कातडी कमावण्याचे कारखाने निघाले. दक्षिण अमेरिकेतून आलेली कातडी हडसनमार्गे वर नेत आणि कमावून परत पाठवीत. टॅनर्सव्हिल या गावाचे नाव त्याचीच खूण. साल काढून घेत आणि खोडे बहुधा तिथेच कुजत. शतक संपता संपता हेमलॉक आणि कारखाने दोन्ही संपले. मोकळ्या झालेल्या जागी मेपल, बर्च, बीच अशी पानझडी झाडे वाढली. तिकडे न्यू इंग्लंडमध्ये शेतीसाठी साफ केलेली जमीन शेतकरी पश्चिमेला गेल्यावर पडीक राहिली आणि तिच्यावर पुन्हा जंगल आले. मॅसॅच्युसेट्सचा निम्म्याहून अधिक भाग आज वनाखाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो बराचसा उघडाबोडका होता. म्हणजे गाड्यांच्या रांगा लावून आपण जो फॉल पाहायला जातो तो अनादि अरण्याचा नाही. बऱ्याच ठिकाणी तो तोडलेल्या जंगलावर उगवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आहे. आणि क्रॉप्सीच्या काळच्या डोंगरांना सोनेरी करणारे अमेरिकन चेस्टनट तर आज जवळजवळ नाहीच. १९०४ मध्ये ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात त्याच्यावरचा बुरशीचा रोग प्रथम लक्षात आला आणि पुढल्या पन्नास वर्षांत अब्जावधी झाडे गेली.

बर्फाचे दोन प्रकार

हिवाळ्याचे चित्र या देशात आधी आले ते घराच्या निमित्ताने. कनेटिकटमधील न्यू हेवनच्या जॉर्ज ड्यूरीने बर्फातली शेतघरे रंगवली. करियर अँड आइव्हज या न्यूयॉर्कच्या छापखान्याने त्यांच्या शिळाप्रेस प्रती काढल्या, आणि ‘होम टू थँक्सगिव्हिंग’ ही १८६७ ची प्रत तर घरोघरी गेली. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वतींनी जे केले तेच काम या स्वस्त छापील हिवाळ्यांनी इथे केले. ड्यूरीचा बर्फ पांढरा आणि प्रेमळ आहे. दार उघडे आहे, आत उजेड आहे, बाहेरून मुलगा-सून येताहेत. या बर्फात कोणाला गाडी खणून काढावी लागत नाही.

दुसरा प्रकार जॉन ट्वाक्टमनचा. १८९० च्या सुमारास तो कनेटिकटमध्ये ग्रीनिचजवळच्या शेतावर राहायला गेला आणि आपल्या घरामागचा एक ओढा आणि एक डोह वर्षानुवर्षे रंगवीत राहिला. त्याच्या बर्फाच्या चित्रात पांढरा रंग शोधावा लागतो. सावल्या निळ्या, काठ जांभळट, पाणी करडे-हिरवे. आणि हे खरेच असते: निरभ्र दिवशी बर्फावरच्या सावलीवर सूर्याचा नाही पण आकाशाचा प्रकाश पडतो, म्हणून ती निळी दिसते. मला चाळीस हिवाळे काढूनही ते दिसले नव्हते. ट्वाक्टमन पाहिल्यानंतरच्या जानेवारीत फावडे टेकवून मी अंगणात उभा राहिलो आणि ते मला प्रथमच दिसले.

ऋतूचा आवाज

तिसरा माणूस विसाव्या शतकातला आणि माझा सर्वांत आवडता. चार्ल्स बर्चफील्ड, १८९३ ते १९६७. ओहायोतल्या सेलम गावी वाढला. पुढे बफलोला वॉलपेपरच्या कारखान्यात नक्षी काढण्याची नोकरी केली, १९२९ मध्ये ती सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला. जन्मभर त्याने मुख्यतः जलरंगच वापरले. बफलोच्या ज्या मंडळींनी तिथले बर्चफील्ड पेनी आर्ट सेंटर पाहिले नसेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी तिकडे जावे.

बर्चफील्डला ऋतू ऐकू येत असे. १९१७ च्या ‘इन्सेक्ट कोरस’ या चित्रात उन्हाळ्याच्या अखेरीस झाडाझुडपांतून कर्कश ओरडणारे किडे आहेत, पण किडा एकही दिसत नाही. दिसतात ती झुडपांतून उठणारी नागमोडी, टोकदार, वळसे घेतलेली चिन्हे. प्रत्येक आवाजाला त्याने आकार दिला आहे. पुढे पन्नाशी गाठताना त्याने १९१७ ची आपलीच जुनी चित्रे काढली, त्यांना चारी बाजूंनी कागदाच्या पट्ट्या जोडल्या आणि ती मोठी करून पुन्हा रंगवली. मेट्रोपॉलिटनमधील ‘द कमिंग ऑफ स्प्रिंग’ या चित्राखाली १९१७ ते १९४३ असे साल आहे. एक वसंत पुरा व्हायला सव्वीस वर्षे लागली. त्याच्या ‘द फोर सीझन्स’ या चित्रावर तर १९४९ ते १९६० असे साल आहे, आणि त्यात एकाच जंगलात एकापुढे एक चारही ऋतू उभे आहेत.

इथे मला आपले काहीतरी भेटल्यासारखे झाले. आवाज, महिना आणि चित्र एकत्र बांधणे हे आपल्याला नवे नाही. रागमालेच्या चित्रांत मेघ आणि वसंत हे राग ऋतूंचे रूप घेऊन बसलेले असतात. बारामासाच्या चित्रांत बारा महिने बारा पानांवर येतात. बॉस्टनच्या म्युझियममध्ये अशा राजपूत चित्रांचा उत्तम संग्रह आहे. १९१७ मध्ये आनंद कुमारस्वामींचा संग्रह तिथे आला आणि ते स्वतःही तिथे रुजू झाले. केशवदासांनी १६०१ मध्ये ‘कविप्रिया’त रचलेला बारामासा चित्रकारांनी पुनःपुन्हा रंगवला. त्याची कल्पना अशी की नायक परगावी निघाला आहे आणि नायिका प्रत्येक महिन्याचे वर्णन करून सांगते की या महिन्यात जाऊ नका. सावनात वर काळ्या ढगांचा पट्टा, त्यात विजेची सोनेरी नागमोडी रेघ, बगळ्यांची पांढरी माळ. बारा महिने, न जाण्याची बारा कारणे. बॉस्टनला ती पाने पाहताना माझ्या मनात आले की आपण सगळे त्या गोष्टीतले निघून गेलेले नायक.

पाचवा ऋतू

अमेरिकन चित्रांत एक गोष्ट मी वर्षानुवर्षे शोधली आणि ती मला सापडली नाही: पावसाळा. वादळे आहेत. कोलच्या १८३६ च्या ‘ऑक्सबो’त डावीकडे वादळ सरते आहे, मार्टिन हीडच्या १८५९ च्या चित्रात काळे आभाळ भरून आले आहे. पण वादळ ही घटना आहे, ऋतू नाही. ज्याची वाट पाहायची, ज्याच्यावर वर्षाचे धान्य आणि धरणाचे पाणी अवलंबून, तो पाऊस इथे ईशान्येत नाही. तो बारा महिने थोडाथोडा पडतो. बालवाडीच्या भिंतीवरच्या चार झाडांच्या तक्त्यात माझ्या मुलीला तो कधी दिसला नाही. तिला मी सांगे, आमच्याकडे एक आणखी आहे. ती विचारी, त्याचा रंग कोणता?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या चित्रकारांनाही सोपे नव्हते. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ मध्ये निघाले आणि तिथून इंग्रजी पद्धतीचा जलरंग आपल्याकडे रुजला. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी रंकाळा आणि पंचगंगेचा परिसर वेगवेगळ्या वेळच्या उजेडात रंगवला, सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर जलरंगातले मोठे नाव. पण ओल्या हवेत कागद वाळत नाही, रंग पसरतो. ऐन आषाढात बाहेर बसून जलरंग करणे म्हणजे पावसाशी भागीदारी करणे. म्हणून असेल, पण आपला पाऊस चित्रांपेक्षा कवितेत अधिक भरभरून आला. बालकवींचा श्रावण आपण पाठ केला, दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त महिन्यामागून महिना वाचला, डोळ्यांपुढे मात्र आपल्याच गावचा आला.

आणि लाल पाने? वडिलांना मी एक गोष्ट सांगायची राहिली. पान गळायच्या आधी हरितद्रव्य मोडते तेव्हा खालचा पिवळा रंग उघडा पडतो. तो आधीपासून तिथेच असतो. लाल रंग मात्र झाड त्या वेळी नव्याने तयार करते. त्याला अँथोसायनिन म्हणतात. याच जातीचे रंगद्रव्य आपल्याकडच्या कोवळ्या पालवीत असते. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीत कुसुंब लालभडक होतो, आंब्याची आणि पिंपळाची पालवी तांबूस असते. म्हणजे झाडे लाल होतात हे साताऱ्याच्या माणसाला माहीत होते. फक्त तिकडे तो रंग जन्माचा आहे आणि इकडे निरोपाचा. कोलने पानगळीत अस्त पाहिला. सह्याद्रीत वाढला असता तर त्याने कदाचित त्याच रंगात बारसे पाहिले असते.

दोन कॅलेंडरे

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी दोन कॅलेंडरे असतात. एक बँकेचे, त्यावर ऑक्टोबरला हमखास व्हरमाँट. दुसरे कालनिर्णय. दोन्ही आता थोडी चुकू लागली आहेत. थोरोने १८५० च्या दशकात काँकॉर्डमध्ये कोणते रानफूल कधी फुलले याच्या नोंदी ठेवल्या होत्या. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांनी त्या अलीकडच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा फुले सरासरी सुमारे एक आठवडा आधी येऊ लागल्याचे दिसले. माझ्या अंगणातला मेपलही पूर्वीसारखा दसऱ्याच्या सुमारास लाल होत नाही, दिवाळीपर्यंत थांबतो. पुतण्या साताऱ्याहून फोनवर सांगतो की पाऊस आता कधीही येतो आणि कधीही जातो. अशा वेळी जुन्या चित्रांना आणखी एक किंमत येते. ऋतू कसा होता याचे ते पुरावे आहेत, मात्र रंगवणाऱ्याची इच्छा, आठवण आणि त्याने वगळलेले हे सारे ध्यानात घेऊन वाचायचे पुरावे.

इतकी चित्रे पाहून माझ्या ध्यानात राहिले ते एवढेच: लँकशायरहून आलेला कोल, लंडनला जाऊन राहिलेला क्रॉप्सी, बफलोत बसून सेलमचा वसंत रंगवणारा बर्चफील्ड, या तिघांनीही ऋतू रंगवला तो दुरून. एक नुकता आला होता, एक दूर गेला होता, एक मोठा झाला होता. आपण इथे तिन्ही आहोत. तेव्हा आपल्यातल्या ज्यांच्या हाती ब्रश आहे त्यांनी मंडळाच्या पुढच्या प्रदर्शनात गणपती आणि वारली नक्षी याबरोबर एखादा जुलैही आणावा. कोणी विचारले की हे असे करडे-हिरवे खरेच असते का, तर क्रॉप्सीप्रमाणे शेजारी काहीतरी मांडावे लागेल. काय मांडायचे, ते मला अजून सुचलेले नाही.

माझी नात आता नऊ वर्षांची आहे. परवा तिने चार ऋतूंची चार झाडे काढली आणि पाचव्या कोऱ्या जागेकडे पाहून विचारले, तुमचे ते पाचवे कसे काढायचे? मी म्हटले, आधी कागद पूर्ण ओला कर.